हरवलेला एक टक्का

"पाच वाजून दहा मिनिटांची बस. त्याच्या पुढची नाही," नातीने चहाच्या कपासमोर बसलेल्या आजोबांना बजावलं.

"पाच-दहाची. कळलं."

"गेल्या वर्षीपण कळलं होतं."

आजोबांनी कप तोंडाला लावला. गेल्या वर्षी शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती, आणि आजोबा पोचले तेव्हा सभागृहात शिपाई खुर्च्या उचलत होते. झाड एका कोपऱ्यात बसून फांद्या सोडत होतं. ते दृश्य आजोबा विसरले नव्हते.

नात सहावीत होती, पण उंचीने बेताची आणि गालांनी गोल, म्हणून आजोबा तिला बटण म्हणायचे. यंदा बटणाला बढती मिळाली होती. ती गोगलगाय होती आणि तिला चक्क एक वाक्य होतं.

"दोनशे अकरा वाक्यं आहेत नाटकात, त्यातलं माझं एक," ती म्हणाली. "मी सगळ्यांचा तक्ता केला. वाघोबाची ऐंशी, कोल्ह्याची साठ, असं. मग टक्के काढले. माझे टक्के किती आले माहितीये?"

"किती?"

"शून्य! अर्धा टक्कासुद्धा नाही भरला. बाईंनी सांगितलंय, अर्ध्याच्या खाली असेल तर सोडून द्यायचं. म्हणजे तक्त्यात मी नाहीच." बटणाने हे दुःखाने नव्हे, तर मोठ्या ऐटीत सांगितलं. "पण मी बोलले नाही ना, तर पडदाच पडत नाही. शेवटचं वाक्य माझं आहे. बरोब्बर सहा वाजून दहा मिनिटांनी."

"मी तिसऱ्या रांगेत असेन."

"बघू," बटण म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

आजोबा शहर बससेवेच्या आगारात नोकरीला होते. तिथे चार नंबरच्या खिडकीमागे बसून ते प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू सांभाळत. आगारात सगळे त्यांना खिडकीकाका म्हणत. निवृत्तीला सात महिने उरले होते. तीस वर्षांत त्यांच्या कपाटातून एक हातमोजासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. कंडक्टर वस्तू आणून देई, काका वहीत नोंद करत, वस्तू कपाटात जाई. मालक आला, खूण पटली, सही झाली की वस्तू बाहेर. तीन महिने कोणी आलंच नाही, तर वस्तू मुख्य कचेरीत. इतका साधा कारभार.

त्या दिवशी मात्र मुख्य कचेरीतून एक छापील फॉर्म आला होता. कपाटात आज कोणत्या प्रकारच्या किती वस्तू आहेत, ते भरून संध्याकाळी पाचच्या डाकेने पाठवायचं होतं. फॉर्मवर प्रकार पाचच होते: छत्री, पिशवी, डबा, चष्मा, कागदपत्रं. प्रत्येकापुढे दोन रकाने. पहिला 'संख्या', म्हणजे तो प्रकार किती वेळा आला. दुसरा 'टक्केवारी', म्हणजे सगळ्या वस्तूंत त्याचा वाटा किती. टक्केवारी पूर्णांकातच लिहायची, अर्धा किंवा जास्त उरला तर पुढचा आकडा, कमी उरला तर सोडून द्यायचा, अशी तळटीप होती. आणि तळाशी 'एकूण टक्केवारी' या चौकोनात, कोणाला त्रास नको म्हणून, १०० हा आकडा आधीच छापलेला होता.

काकांनी मावशींना हाताशी घेतलं. मावशी म्हणजे आगाराची झाडलोट करणाऱ्या बाई. तोंडाने फटकळ, कामाला चोख. दोघांनी मिळून कपाट रिकामं केलं आणि जमिनीवर पाच ढीग घातले.

"काका, या पिशवीत डबा आहे. कुठल्या ढिगात घालू?"

"पिशवीत. बाहेरून जी दिसते ती वस्तू."

"आणि डबा?"

"तो पिशवीच्या पोटात गेला. एक वस्तू एकाच ढिगात, मावशी. दोनदा मोजली की हिशोब फुगतो."

"बरं. आणि ही कवळी?"

काकांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. दातांसाठी रकाना नव्हता. "कशात आहे ती?"

"डबीत."

"मग डबा."

"बिचाऱ्याने जेवायचं कसं आणि डबा म्हणून शोधायचं कसं," मावशी म्हणाल्या आणि कवळी डब्यांच्या ढिगात ठेवली.

अकरापर्यंत मोजणी झाली. छत्र्या चोवीस, पिशव्या चौदा, डबे अकरा, चष्मे नऊ, कागदपत्रं दोन. एकूण साठ. काकांनी भागाकार केले. छत्र्या चाळीस टक्के. पिशव्या तेवीस पूर्णांक आणि वर थोडं, तर तेवीस. डबे अठरा आणि वर थोडं, तर अठरा. चष्मे पंधरा. कागदपत्रं तीन आणि थोडं, तर तीन. सुवाच्य अक्षरात फॉर्म भरून, तो निळ्या फाईलला लावून ते साहेबांकडे गेले. चारच्या आत मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत होता.

साहेब आगारात नवे होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट पूर्ण लागे. "पाऊस येईल का?" असं विचारलं तरी ते "शंभर टक्के!" म्हणत, आणि नाही आला तर दोन दिवस अस्वस्थ असत. त्यांनी फाईल घेतली, चष्मा नाकावर चढवला आणि पेन्सिलीने बेरीज केली. पुन्हा केली. मग खालून वर केली.

"खिडकीकाका, नव्व्याण्णव येतात."

"काय म्हणता!"

"चाळीस आणि तेवीस त्रेसष्ट. अठरा, एक्क्याऐंशी. पंधरा, शहाण्णव. तीन, नव्व्याण्णव. आणि इथे खाली काय छापलंय?"

"शंभर."

"छापलंय! मुख्य कचेरीने छापलंय. म्हणजे एक टक्का कुठे गेला?"

काकांनी स्वतः बेरीज करून पाहिली. साहेबांचं बरोबर होतं. तीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून काही हरवलं नव्हतं, आणि आज मालाची मोजदाद करताना एक टक्का हरवला होता.

"शोधा," साहेब म्हणाले. "शंभर भरल्याशिवाय सही नाही, आणि सही झाल्याशिवाय कोणी घरी नाही. मी पण नाही."

काका आणि मावशींनी सगळं पुन्हा मोजलं. साठ. कपाट ओढून मागे पाहिलं. एक वाळलेलं पान आणि एक जुनं तिकीट निघालं, पण साहेबांनी त्यांना वस्तू मानायला नकार दिला. मग साहेबच बाह्या सरसावून जमिनीवर बसले.

"एक टक्का म्हणजे नेमकी किती वस्तू?"

"साठाचा एक टक्का, म्हणजे..." काकांनी हिशोब केला. "अर्ध्या वस्तूपेक्षा थोडी जास्त."

"अर्धी वस्तू कोण नेईल?"

"ही बघा अर्धी!" मावशींनी दांडा नसलेली छत्री वर धरली.

"ती चोवीसात धरली आहे."

"अख्खी धरलीत ना? मग तिथेच घोळ झाला. हिला अर्धी धरायला पाहिजे."

"मावशी, अर्धी धरली तर कमीच होईल. आपल्याला वाढवायचंय."

अडीच वाजले. जेवायला कोणी उठलं नव्हतं. काका दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहत होते. शेवटी मावशींनाच त्यांची दया आली. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला आणि चष्म्यांच्या ढिगात ठेवला.

"घ्या. एक वस्तू कमी आहे ना? भरा एकदाची. संध्याकाळी मला परत द्या म्हणजे झालं."

"हे नियमात बसतं का?" काकांनी विचारलं.

"मावशी सकाळी बसने आल्या का?" साहेबांनी विचारलं.

"आले की."

"मग चष्मा बसमधून आला. नोंद करा."

काकांनी नाखुशीने नोंद केली. चष्मे दहा, एकूण एकसष्ट. पुन्हा पाच भागाकार. छत्र्या एकोणचाळीस, पिशव्या तेवीस, डबे अठरा, चष्मे सोळा, कागदपत्रं तीन. साहेब श्वास रोखून पाहत होते.

"नव्व्याण्णव," काका म्हणाले.

"अहो, अख्खा चष्मा घातला! गेला कुठे?"

"साहेब, चष्म्यांचा वाटा वाढला, पण छत्र्यांचा उतरला. कलिंगड एकच आहे ना? पंगतीला एक पाहुणा वाढला की बाकीच्यांची फोड बारीक होते."

"मग अजून एक पाहुणा बसवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा चष्मा काढून दहा चष्म्यांच्या शेजारी ठेवला. तो काळ्या काड्यांचा, जाड भिंगांचा होता. "होऊन जाऊ दे."

चष्मे अकरा, एकूण बासष्ट. काकांनी भागाकार केले. छत्र्या एकोणचाळीस, पिशव्या तेवीस, डबे अठरा, चष्मे अठरा, कागदपत्रं तीन. मग त्यांनी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली.

"किती? मला दिसत नाहीये, वाचा."

"एकशे एक."

साहेबांनी डोळे चोळले. "म्हणजे मघाशी एक कमी होता आणि आता एक जास्त आहे?"

"हो."

"मधलं काही नाही का निघत?"

"अर्धा चष्मा असता तर बघितलं असतं," काका थकून म्हणाले.

साहेबांनी काकांना आपल्या टेबलाशी नेलं आणि काका वाचतील तसे दोघे पहिल्यापासून भागाकार तपासू लागले. चार वाजून गेले होते. खिडकीवर मावशींना बसवलं होतं. तेवढ्यात एक आजीबाई काठी टेकत आल्या.

"अगं बाई, माझा चष्मा राहिला हो काल बसमध्ये. काळ्या काडीचा."

मावशींनी चष्म्यांचा ट्रे खिडकीत सरकवला. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मावशींचा चष्मा ट्रेमध्ये होता, त्यामुळे त्यांना आजीबाई धूसर दिसत होत्या. आजीबाईंना चष्मा नसल्यामुळे ट्रेच धूसर दिसत होता. दोघींनी मिळून चाचपून एक काळी काडी शोधली.

"हाच गं बाई! हाताला ओळखीचा लागतोय."

"मग न्या. इथे सही करा. इथे म्हणजे... वहीवर कुठेही करा."

आजीबाईंनी चष्मा पर्समध्ये टाकला, आशीर्वाद दिला आणि गेल्या.

पावणेपाचला काका खिडकीवर परतले. वहीत तिरकी सही पाहिली, चष्मे मोजले. दहा. म्हणजे पुन्हा एकसष्ट, म्हणजे पुन्हा नव्व्याण्णव. ते हिशोब सांगायला आत गेले, तर साहेब दार चाचपत बाहेर येत होते.

"काका, जरा माझा चष्मा द्या. डाकेची वेळ झाली, निदान फॉर्म नीट बघून..."

काकांनी ट्रे आणला. त्यात काळ्या काड्यांचा, जाड भिंगांचा चष्मा नव्हता.

पुढची पंधरा मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. साहेबांनी उरलेले दहाही चष्मे एकेक करून लावून पाहिले. एकात त्यांना काका दोन दिसले, एकात लांबची भिंत नाकाशी आली. एक कोण्या लहान मुलीचा होता, गुलाबी, ससे चिकटवलेला. तो लावून साहेब बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिले, आणि मावशी पदर तोंडात धरून बाहेर निघून गेल्या. पाचची डाक गेली. मग खिडकीबाहेरच्या फलाटावरून एक बस घरघरत निघाली. काकांनी आवाजावरूनच ओळखली. पाच वाजून दहा मिनिटांची.

"काका," साहेबांनी ससे उतरवून ठेवले, "आता काय ते शेवटचं सांगा. मला आकडे दिसत नाहीत. तुम्ही वाचाल ते खरं. बेरीज किती?"

काकांनी फॉर्मकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पुढची बस पाच-वीसची होती. धावलं तर मिळेल. शंभर म्हणायचं, सही घ्यायची आणि सुटायचं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. साहेबांना दिसत नव्हतं, मावशींना दिसत नव्हतं आणि मुख्य कचेरीने तर शंभर छापूनच ठेवलं होतं.

"नव्व्याण्णव," काका म्हणाले.

साहेब खुर्चीत टेकले. "तुम्ही शंभर म्हणाला असतात तर मी सही केली असती."

"माहीत आहे, साहेब."

"मग?"

"सहा वाजता एक सहावीतली मुलगी माझी वाट बघणार आहे. ती विचारते, 'आज काय केलंत?' तिला खोटं सांगितलं की ती ओळखते."

साहेबांनी धूसर काकांकडे काही क्षण पाहिलं. "जा. फाईल घरी न्या. सकाळी नऊला दुसरी डाक आहे, तोवर तो टक्का शोधून आणा. आणि धावा!"

काका धावले. एकोणसाठाव्या वर्षी निळी फाईल छातीशी धरून ते असे धावले, की कंडक्टरने बस थांबवून त्यांना हात दिला. मागच्या सीटवर बसून त्यांनी फाईल उघडली, पण डोळे घड्याळावरून हलेनात. सिग्नलला बस थांबली. पुलावर थांबली. एका म्हशीसाठीही थांबली. शाळेसमोर ते उतरले तेव्हा सहा वाजून आठ मिनिटं झाली होती, आणि पायऱ्या बावीस होत्या.

सभागृहाचं दार कुरकुरत उघडलं. तिसरी रांग दूरच राहिली, काका दारातच धापा टाकत उभे राहिले. रंगमंचावर सगळे प्राणी भांडण मिटवून रांगेत उभे होते. अगदी शेवटी, पाठीवर पुठ्ठ्याचा शंख घेऊन, एक गोल गोगलगाय हळूहळू सरकत मध्यभागी आली. तिने तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. तरी तिने आपलं वाक्य म्हटलं:

"मला उशीर झाला का?"

"नाही गं बाळा, मीच आत्ता आलो!" दारातून काका ओरडले.

सभागृह हसून हसून लोळलं. वाघोबा हसला, कोल्ह्याची शेपूट गळून पडली, पडदा ओढणाऱ्या बाई दोरी सोडून डोळे पुसत राहिल्या. गोगलगाय मात्र लाजली नाही. शंख सावरून तिने दाराच्या दिशेने ऐटीत हात हलवला, आणि मग पडदा पडला.

घरी जाताना बटण उड्या मारत चालली होती. शंख काकांच्या हातात होता.

"आजोबा, आज काय केलंत?"

काकांनी सगळं सांगितलं. कवळी, मावशी, ससे, नव्व्याण्णव. बटण लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे तुमचापण टक्का गेला. माझा जातो तसा."

"तुझा कुठे जातो?"

"जात नाही कुठे. दोनशे अकरात माझं एक वाक्य आहेच ना? सगळ्यांनी ऐकलं की आज. फक्त लिहिताना शून्य लिहितात." तिने वाटेतला दगड पायाने उडवला. "सोडलेलं कोणी नेत नाही, आजोबा. ते तिथेच असतं."

काका भर रस्त्यात थांबले. पिशव्या तेवीस टक्के आणि वर थोडं. ते थोडं म्हणजे एक तृतीयांश. डबे अठरा आणि वर एक तृतीयांश. कागदपत्रं तीन आणि वर एक तृतीयांश. तिन्ही ठिकाणी त्यांनी स्वतःच्या हाताने तो तुकडा सोडून दिला होता. तीन तृतीयांश मिळून किती? एक! पुरा एक टक्का! कोणी चोरला नव्हता, कुठे पडला नव्हता. तीन ढिगांत तुकडे होऊन सकाळपासून त्यांच्या डोळ्यांसमोर बसला होता.

"बटण, सापडला! थांब, फाईलवर लिहून ठेवतो."

त्यांनी काखेत पाहिलं. मग दुसऱ्या काखेत. मग शंखात.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळणाऱ्या माणसाने फाईल बसमध्ये विसरली होती.

दुसऱ्या दिवशी साडेआठला काका खिडकीमागे बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. साहेब भिंतीचा आधार घेत आधीच आले होते. त्यांना कसं सांगावं या विचारात काका असतानाच कालच्या आजीबाई हजर झाल्या.

"हा घ्या तुमचा चष्मा! माझा साखरेच्या डब्यात होता. हा लावला आणि घरातली सगळी धूळ दिसायला लागली हो मला. सुनेशी भांडण झालं. नको बाई असला चष्मा!"

साहेबांनी चष्मा हिसकावून डोळ्यांवर चढवला आणि जगाकडे प्रेमाने पाहिलं. मावशींनीही आपला चष्मा ट्रेमधून उचलला. "मी नाही आता भरीला देणार. काल तीन वेळा तोच जिना झाडला." काकांनी दोन्ही नोंदी खोडल्या. चष्मे पुन्हा नऊ, एकूण साठ, जिथे होतो तिथे.

"आता बोला. टक्का?" साहेब म्हणाले.

"टक्का सापडला, साहेब, पण फाईल..."

इतक्यात एका कंडक्टरने खिडकीत हात घातला. "काका, नोंद करा. काल पाच-वीसच्या बसमध्ये, मागच्या सीटवर." आणि त्याने निळी फाईल कट्ट्यावर ठेवली.

"अहो, ही माझीच! द्या इकडे."

"थांबा!" साहेब कडाडले. "नियम म्हणजे नियम. बसमध्ये सापडली ना? आधी नोंद."

काकांनी मान खाली घालून नोंद केली. प्रकार: कागदपत्रं. दोनाचे तीन झाले, साठाचे एकसष्ट. साहेबांनी स्वतः पेन्सिल घेतली. चष्मा परत आल्यामुळे त्यांना भागाकाराचा उत्साह आला होता. छत्र्या एकोणचाळीस. पिशव्या तेवीस. डबे अठरा. चष्मे पंधरा. कागदपत्रं पाच. त्यांनी बेरीज केली. मग खालून वर केली. मग उभे राहिले.

"शंभर! काका, शंभर टक्के!"

"काय?"

"ही फाईलच तो एक टक्का होती! मी कालपासून सांगतोय, कुठेतरी आहे. बसमध्ये होता!"

काकांनी समजावायचा प्रयत्न केला. कागदावर तीन ढीग काढले, प्रत्येकावर एक तृतीयांश तुकडा काढला, तुकडे जोडून दाखवले. आज नेमके वर गेलेले आणि खाली सोडलेले तुकडे एकमेकांत बरोबर जिरले, म्हणून शंभर आले, हेही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. बुद्धीने ते कमी नव्हते, त्यांना पटतही होतं.

"तुमचं खरं असेल," ते शेवटी म्हणाले, "पण माझे शंभर आहेत. द्या ती फाईल, डाकेत टाकतो."

काका जागचे हलले नाहीत. "साहेब, फाईल पाठवायची तर कपाटातून काढावी लागेल."

"मग काढा."

"काढली की कागदपत्रं दोन. वस्तू साठ. आणि साठ वस्तू झाल्या की..."

साहेबांचा हात हवेतच राहिला. "नव्व्याण्णव," ते हळूच म्हणाले.

शेवटी फॉर्मची नक्कल डाकेने गेली आणि फाईल कपाटात राहिली. तिच्यावर इतर वस्तूंसारखी चिठ्ठी लावली होती. मालक समोरच बसलेला असे, रोज डबा खाई, पण फाईल न्यायला पुढे येत नसे.

आठवड्याने मुख्य कचेरीचं पत्र आलं. सतरा आगारांनी फॉर्म भरले होते. कोणाची बेरीज नव्व्याण्णव, कोणाची एकशे एक, एकाची तर अठ्ठ्याण्णव. फक्त याच आगाराची नेमकी शंभर भरली होती. साहेबांचं अभिनंदन केलं होतं, आणि इतर आगारांच्या मार्गदर्शनासाठी आपली पद्धत थोडक्यात लिहून पाठवावी, अशी विनंती होती.

"लिहा काका," साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "तुम्हीच लिहा. मी सही करतो."

काकांनी तीन ढिगांची, तीन तुकड्यांची सगळी हकिगत दोन पानं भरून लिहिली. खाली सुचवलं, की तो छापलेला शंभरचा आकडा काढून टाकावा आणि बेरीज जी येईल ती लिहू द्यावी. साहेबांनी पानं उलटली.

"उत्तम आहे. पण ते 'थोडक्यात' म्हणालेत."

काकांनी नवा कागद घेतला. क्षणभर विचार केला. सहा वाजून दहा मिनिटांनी दारात उभं राहून ऐकलेलं एक वाक्य त्यांना आठवलं, आणि त्यांनी एकटाकी लिहिलं: 'कर्मचाऱ्याला वेळेवर नातीकडे जाऊ द्यावे. घाईत तो फाईल बसमध्ये विसरतो. सकाळी बेरीज करावी.'

साहेबांनी चष्मा वर सरकवला आणि दोनदा वाचलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"शंभर टक्के," ते म्हणाले, आणि सही केली.